समोरचा माणूस अनोळखी आहे

पुडीची घडी बाबांचीच होती — चारही कोपरे आत, वरचं टोक खालच्या खाचेत अडकवलेलं, जुन्या औषधवाल्यांसारखी — आणि तिचा अंगठा त्या घडीवरून नुसताच फिरत राहिला, उघडेना, सोडेना. आत खडूचा चुरा होता, एवढंच. टेबलावर पत्र्याचा डबा, डब्यात बाबांच्या अक्षरात सूचना लिहिलेले पुठ्ठ्याचे अकरा पत्ते, आणि समोर नववी ब, चाळीस मुलं, पंख्याखालच्या जागेवरून भांडून नुकतीच शांत झालेली. बाबा जाऊन सात आठवडे झाले होते. "सरांचा तास आता तुम्हीच घ्या," मुख्याध्यापक बाई म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या कुणाच्या हाती कसा द्यायचा?" — जणू चष्मा, घड्याळ, चपला तशी ही एक मागे राहिलेली वस्तू, घरातल्याच माणसाकडे जायला हवी. ती याच शाळेत भूगोल शिकवत होती. नाही म्हणणं तिला जमलं नव्हतं.

आणि तासाचं नावच नकाराचा तास. महिन्यातून एकदा, बावीस वर्षं. दोन मुलं पुढे बोलवायची, एक देणारा, एक नको म्हणणारा. देणाऱ्याच्या हातात पुडी. त्याने हरप्रकारे पटवायचं, दुसऱ्याने ती न घेता आपल्या बाकावर परत जायचं. मारामारीसाठी सातवा पत्ता — दोन पावलं मागे, हात उघडे, आवाज खाली. मुलांना तो पाठ होता. मधल्या सुट्टीत ती एकमेकांना धक्के मारून दोन पावलं मागे जात आणि हसत सुटत.

"मॅडम, देणाऱ्याला मार्क असतात का?" पहिल्या बाकावरून प्रश्न आला.

"नाहीत."

"मग फुकटचं पाप कशाला करू?"

वर्ग हसला. तीही हसली, आणि हसताना तिला वाटलं, बाबा असते तर त्यांनी याच मुलाला देणारा केलं असतं. म्हणून तिने त्यालाच उभं केलं.

"घे की. एकदा घेऊन मरतोस काय?"

"नको. आई मारेल."

"आई मलापण मारते. तरी धंदा करतोय ना मी?"

"तुझी आई हळू मारते."

नको म्हणणारा टाळ्यांच्या गजरात जागेवर गेला. सगळं व्यवस्थित झालं होतं... आणि तेच तिला खुपत होतं. शेवट आधीच ठरलेला होता. पुडीत खडू आहे हे चाळीस जणांना ठाऊक होतं. बाबांच्या वर्गात सगळ्यात खणखणीत नको म्हणणारा मुलगा — बाबा घरी जेवताना त्याची नक्कल करून दाखवत — पुढे सहा वर्षांनी त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला होता, दोन पोलिसांच्या मधे, तोंडावर रुमाल. बाबांनी ते पान शांतपणे मिटलं, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते वेळेवर शाळेत गेले. तेव्हा तिला त्यांचा अभिमान वाटला होता. कसला वाटला होता?

"अजून कोण?" तिने विचारलं.

मागच्या बाकावरून हात वर आला. मौनी. वर्गाने ठेवलेलं नाव; हजेरीलाही ही मुलगी नुसती मान वर करायची. वर्गात कुजबुज झाली. समोर मॉनिटर मुलगी उभी राहिली, वेणी मागे टाकून, जिंकायच्या तयारीने.

मौनीने पुडी घेतली, पण मॉनिटरसमोर ती उभी राहिली नाही. तिने मॉनिटरला हाताला धरून बाकावर बसवलं आणि स्वतः शेजारी बसली, अगदी खांद्याला खांदा लावून.

"झोपलीस का गं?"

"तू कोण आहेस पण?" मॉनिटरने विचारलं.

"तुझा दादा."

"दादा नाही चालत. मॅडम, पत्त्यावर अनोळखी लिहिलंय ना?"

लिहिलं होतं. पहिल्याच पत्त्यावर, लाल शाईत, खाली रेघ मारून — समोरचा माणूस अनोळखी आहे. थांबवायला हवं होतं. "चालू दे," ती म्हणाली.

"हे तुझ्या दप्तरात ठेव," मौनी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, कुणी पेन मागावं तसा. "तुझं दप्तर कोण बघत नाही. उद्या परत देशील."

"नको दादा. अमली पदार्थ शरीराला आणि मनाला —"

"बरं. नको ठेवूस." मौनीने पुडी आपल्या मुठीत मिटून घेतली. "मग एक कर. संध्याकाळी ते लोक आले ना, की दार तू उघड. तुझ्यासमोर मला मारणार नाहीत फार."

पंखा फिरत होता. मॉनिटरने मॅडमकडे पाहिलं. मग तिने हात पुढे करून ती मूठ उघडली, पुडी घेतली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

"हरली," कुणीतरी हळूच म्हणालं. कुणी हसलं नाही.

हरली... बाबाही हरले होते. शेवटच्या आजारात थेंबांची बाटली उशाशी चार दिवस बंदच होती. घेतलं तर दुखणं थांबेल, पण ते गुंगीत राहतील, असं डॉक्टरांनी दोघांनाही स्पष्ट सांगितलं होतं. "नको," बाबा म्हणायचे, दात आवळून, "डोकं जागं राहू दे. मला अजून बोलायचंय तुझ्याशी." डॉक्टरांना नको, शेजारच्या काकूंना नको, देवाचं नाव घेणाऱ्या आत्याला नको. पाचव्या दिवशी दुपारी ती त्यांच्या पलंगावर बसली, अशीच, खांद्याला खांदा लावून, आणि म्हणाली, बाबा, माझ्यासाठी घ्या. त्यांनी तिच्याकडे बघितलं — वर्गात एखाद्याने भलताच हुशार प्रश्न विचारल्यावर बघत तसं — आणि तोंड उघडलं. पुढचे तीन दिवस ते होते, पण बोलले नाहीत. काय बोलायचं होतं ते तिला कधीच कळणार नव्हतं. बावीस वर्षं एका माणसाने शेकडो मुलांना अनोळखी माणसापासून वाचायला शिकवलं, आणि अनोळखी माणूस कधी आलाच नाही.

तासाची घंटा झाली. मुलं खेळाच्या मैदानाकडे पळाली. मौनी मागे राहिली. मॉनिटरकडून परत आणलेली पुडी तिने डब्यात ठेवली, पत्त्यांच्या शेजारी, सरळ.

"खरं आहे का ते?" तिने मौनीला विचारलं.

"काय, मॅडम?"

"दादाचं."

"नाटक होतं. सर म्हणायचे ना, बघणाऱ्याला खरं वाटलं पाहिजे."

"दार उघडायचं... तेही?"

मौनीने तिच्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांची असेल. पण ते बघणं मोठ्या माणसाचं होतं, समोरच्याला कितपत झेपेल याचा अंदाज घेणारं. मग ती हसली.

"तुम्ही नका मनाला लावून घेऊ, मॅडम. आधीच तुमच्याकडे... सर गेलेत. नाटकच होतं."

आणि मॅडमला हलकं वाटलं. खरंच वाटलं — छातीतली गाठ सैल झाली, श्वास आत गेला, स्टाफरूममध्ये टेबलावर तपासायच्या वह्या आहेत हे आठवलं. नाटकच होतं. हे सैल होणं तिने लगेच ओळखलं. त्या दुपारी थेंब पोटात गेल्यावर तासाभराने बाबांचं कण्हणं थांबलं होतं. घरात अशी शांतता चार दिवसांनी आली होती. ती स्वयंपाकघरात गेली, स्वतःपुरता चहा केला, दोन चमचे साखर घालून, आणि खिडकीशी उभं राहून प्यायली. चांगला झाला होता. सात आठवडे ती ज्याला दुःख म्हणत आली होती, त्याच्या तळाशी तो चहा होता.

"जाऊ, मॅडम?"

मौनी दारापाशी उभी होती, दप्तराचे दोन्ही पट्टे घट्ट धरून, परवानगीची वाट बघत. जा म्हणणं किती सोपं करून ठेवलं होतं पोरीने. तिने जा म्हटलं नाही. थांब म्हणायचं तर पुढचं सगळं ऐकावं लागणार होतं, आणि आपल्याला ते ऐकवेल असा कुठलाही पुरावा तिच्यापाशी नव्हता... मैदानावर शिट्टी वाजली. मुलगी उभीच होती, आणि तीही, तोंड अर्धवट उघडं ठेवून, स्वतःचाच आवाज जा म्हणतो की थांब, ते ऐकत.