कृपया दुसरी सीडी लावा

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे, आणि तीसुद्धा अर्धीच. पूर्वी अख्खा सिनेमा एका सीडीत मावत नसे. मग त्याचे दोन तुकडे करून दोन सीड्यांवर घालत. माझ्या अंगावर निळ्या अक्षरांत 'भाग १' छापलंय आणि माझ्या बहिणीच्या अंगावर 'भाग २'. आम्ही दोघी एकाच दिवशी तयार झालो, एकाच डबीत राहिलो, पण आमचं कधी पटलं नाही. म्हणजे तिचं माझ्याशी पटत होतं, माझंच तिच्याशी पटत नव्हतं. मी तिच्यावर जळायचे. आता या वयात गोड गोड बोलून तुम्हाला कशाला फसवू?

आमच्यावरचा सिनेमा गडबडे कुटुंबाचा. टीव्हीवर वर्षानुवर्षं चाललेलं कार्टून होतं ते. गडबडे बाबा, गडबडे आई, दोन पोरं आणि एक आगाऊ बदक. शेवटी त्यांच्यावर मोठा सिनेमा निघाला आणि त्यात सगळं घरच गुप्तहेर झालं. आईच्या हाती एक लाल छत्री येते. तिच्यात गुप्त यंत्र असतं. ती घरात उघडली की छप्पर उडून जातं आणि छपरासोबत बदकही. तेव्हापासून कुठेही छत्री दिसली की बदक किंचाळतं, "छत्री उघडू नका!" हे सगळं माझ्यावर आहे, बरं का. रोज सकाळी येऊन बदकाला साय देणारा तो गोड दूधवाला, तोही माझ्यावरच. सगळ्यात शेवटी काळा मुखवटा घातलेला खलनायक गडबड्यांना एका खोलीत कोंडतो, स्वतःच्या मुखवट्याला हात घालतो, आणि पडदा काळा होतो. मग पांढरी अक्षरं येतात, 'कृपया दुसरी सीडी लावा.'

आता सांगा! राबायचं मी, आणि मुखवटा निघणार तिच्यावर. वर तिला बोलावणंही माझ्याच तोंडून. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आम्हाला पिंपरी कॅम्पातल्या एका दुकानातून सुजितने घरी आणलं. त्याची मुलगी इरा तेव्हा सहा वर्षांची झाली होती. सुजित मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होता. पत्रा दाबून गाड्यांचे भाग करायचे, असं ते काम. तो, त्याची बायको स्वरूपा आणि इरा काळेवाडीत एका खोलीत राहायचे. टीव्ही कपाटावर, टीव्हीवर सीडी प्लेअर आणि प्लेअरवर आमची डबी.

पहिल्याच दिवशी इराने नियम केला. पप्पांची पहिली शिफ्ट असली की ते साडेचारच्या सुमारास कंपनीच्या बसने घरी येत. ती शाळेतून येऊन, जेवून, साडेतीनला मला लावायची. मी संपले की दुसरी लावायची नाही. दुसरी पप्पांसाठी राखून ठेवायची. तळवड्याच्या चौकात बस अडकली की ती दुसरीच्या भोकात बोट घालून दारात बसून राहायची. मला मात्र लगेच डबीत बंद करून टाकायची. म्हणजे वाट बघायलासुद्धा तीच!

सुजित यायचा, बूट काढायचा, हातपाय धुवायचा आणि चहाचा कप घेऊन बसायचा. मग दुसरी सुरू व्हायची. बंद डबीत मला टीव्हीतले शब्द नीट कळायचे नाहीत, पण त्याचं हसू कळायचं. अहाहा, काय हसायचा तो माणूस! खालच्या घरातल्या गिरजाबाई विचारायच्या, "अवं, झालं काय तुमच्याकडं?" दर वेळी ते हसू ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं. हे हसू माझ्या वाट्याला एकदा तरी यावं, फक्त एकदा, एवढीच माझी इच्छा होती. दुसरं मी काही मागितलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग त्याने पहिली कधी बघितलीच नाही का? कशी बघणार? दुसऱ्या शिफ्टला तो इरा शाळेतून यायच्या आत निघायचा. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपायचा आणि घरात टीव्हीला हात लावायची कुणाची छाती नव्हती. त्याची सुट्टी गुरुवारी. आणि आमच्या भागात लाइट कधी जाते? गुरुवारीच! दुरुस्तीसाठी सकाळी जाते ती संध्याकाळी येते. कंपनीला सुट्टी म्हणून लाइट बंद आणि लाइट बंद म्हणून माझं नशीब बंद. एका दिवाळीत मात्र योग आला. इराने हाताला धरून त्याला माझ्यासमोर बसवलं. मी जीव ओतून फिरत होते. दहाव्या मिनिटाला सुजित घोरायला लागला. मी संपले, दुसरी लागली आणि हा पठ्ठ्या टक्क जागा झाला! त्या दिवशी मी तिला मनात काय काय म्हणाले ते लहान मुलांसमोर सांगता येणार नाही.

या वाटणीमुळे घरात एक गंमत झाली होती. छत्री दिसली की इरा आणि स्वरूपा बदकाच्या आवाजात ओरडायच्या, "छत्री उघडू नका!" आणि खिदळायच्या. सुजितला काही कळायचं नाही. "काय हाय त्यात हसायसारखं?" तो विचारायचा. "तुम्हाला नाही कळणार," असं त्याला उत्तर मिळायचं. उलट एखादं मोठं काम पार पडलं की तिघांपैकी कुणीतरी म्हणायचं, "चला, कुकर लावायचाय," आणि तिघंही हसून लोळायची. इराचा दहावीचा निकाल लागला तेव्हा म्हटलं, रहाटणीच्या नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली तेव्हा म्हटलं. त्यात काय विनोद आहे ते मला कळायचं नाही. दुसरीला विचारायचं तर नाक आडवं यायचं.

पुढे घरात मोबाइल आले आणि आमच्या डबीवर धूळ बसली. मोबाइलवर मी जळले नाही, खोटं कशाला बोलू? माझं सगळं जळणं मी एकीसाठीच राखून ठेवलं होतं.

रहाटणीच्या फ्लॅटला बाल्कनी होती आणि बाल्कनीत कबुतरं. त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांची पार दैना केली. कुणीतरी स्वरूपाला सांगितलं, जुन्या सीड्या टांगा, चकाकल्या की कबुतरं येत नाहीत. तिने माळ्यावरचा खोका खाली काढला. आमची डबी उघडून आधी मला ओढलं. मी डबीच्या दातांत घट्ट बसले होते, निघाले नाही. मग तिने दुसरीला ओढलं. ती बिचारी सरळ स्वभावाची, लगेच निघाली. स्वरूपाने तिच्यात सुतळी ओवली आणि बाल्कनीत लटकवली.

मित्रांनो, मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मनात उकळ्या फुटत होत्या. अख्खी डबी माझी झाली होती. पण तो आनंद चार दिवसही टिकला नाही. माळ्यावर मिट्ट अंधार. खालून आवाज यायचा, शेजारची कुणी म्हणायची, "अगंबाई, उन्हात काय सुंदर रंग दिसतात हो हिचे!" घ्या! फासावर लटकली तरी कौतुक तिचंच.

याच काळात घरातलं ते मोठं हसू हळूहळू बारीक होत गेलं. सुजितचे कान जात होते. प्रेस शॉपमध्ये कानात घालायला बोळे मिळायचे. सुपरवायझर ओरडायचा, पण सुजित आणि त्याच्या जोडीचे जुने कामगार ते काढून खिशात ठेवायचे. तो स्वरूपाला सांगायचा, "बोळा घातला की प्रेसचा आवाज येत नाही. आवाज बदलला की डाय, म्हणजे पत्र्याचा साचा, बिघडायलीय हे आधी कानाला कळतं. माझ्या हातून आजवर एक तुकडा खराब निघाला नाही." खरंच निघाला नाही. मशीनचं बारीकसं दुखणं ऐकता ऐकता त्याने आपले कान घालवले.

मग कंपनीने नवीन मशीन आणलं आणि जुन्यांना घरी बसवलं. तसं पत्र घेऊन सुजित आला तेव्हा स्वरूपा हसवायला म्हणाली, "चला, कुकर लावायचाय." त्याला ऐकू आलं नाही. कुणीच हसलं नाही.

आता तो रोज घरीच असायचा. वेळच वेळ होता, पण बोलणं बंद. कुणी काही म्हटलं की उगीच मान हलवायचा. ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनियर झालेली इरा कानाच्या मशीनचं नाव काढायची तेव्हा चिडायचा. "म्हातारा झालोय का मी? काय ऐकायचं राहिलंय आता माझं?"

एका गुरुवारी स्वरूपा भिजून आली आणि छत्री वाळायला हॉलमध्ये उघडली. आतून इरा सवयीने ओरडली, "छत्री उघडू नका!" दोघी हसायला लागल्या. सुजितने त्यांची हलणारी तोंडं पाहिली. तो म्हणाला, "काय म्हणालात?"

"काही नाही पप्पा, असंच."

तो एकदम भडकला. "असंच काय? वीस वर्षं होत आली, छत्री दिसली की हसायलात दोघी. तवा कान होते तरी सांगितलं नाही. आता तर काय, सांगितलं तरी ऐकू येत नाही!" आणि त्याने तोंड फिरवलं. त्याचे डोळे भरले होते.

इरा उठली. स्टूल घेऊन माळ्यावर चढली. माझ्यासोबत जुना प्लेअरही खाली आला. त्याचा ट्रे उघडेना, तेव्हा स्वरूपाने वरून एक दणका दिला. लाल, पिवळी, पांढरी वायर नवीन टीव्हीला लागली. त्या दिवशी गुरुवार असून लाइट होती. मला पुसलं गेलं आणि मी फिरायला लागले.

सुजित समोर बसला, पूर्ण जागा. पण मित्रांनो, ज्याच्या हसण्यासाठी मी जन्मभर झुरले, त्याला माझा शब्द ऐकू येत नव्हता. आवाज पूर्ण वाढवला तरी तो कपाळाला आठ्या घालून नुसतं बघत होता. मला वाटलं, आता इथेच तडकावं. मग इरा त्याला खेटून बसली. त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून ती माझं एकेक वाक्य मोठ्याने परत सांगायला लागली. बाबांचं जाड आवाजात, आईचं ठसक्यात, बदकाचं नाकातून. दूधवाला आला, साय देऊन गेला. लाल छत्री उघडली, छप्पर उडालं, बदक उडालं. इरा कानात किंचाळली, "छत्री उघडू नका!"

"आत्ता! याच्यासाठी का?" तो म्हणाला आणि हसायला लागला. तेच हसू, काळेवाडीच्या खोलीतलं. थोडं उशिरा आलं, इराच्या तोंडून फिरून आलं, पण आलं. मला माझी वीस वर्षं मिळाली.

मी संपले. पांढरी अक्षरं आली. स्वरूपाने बाल्कनीतून दुसरीची सुतळी सोडून आणली. काय दशा झाली होती हो तिची! उन्हाने अंगावरची चमक सोलून निघाली होती. 'भाग २' हे शब्दसुद्धा उडाले होते. तिला प्लेअरमध्ये घातलं. ती घरघरली, थांबली, परत घरघरली. टीव्हीवर आलं, 'नो डिस्क'. माझ्या मनात आनंद यायला हवा होता, पण आला नाही.

"राहू द्या," सुजित म्हणाला. "मला पाठ हाय." आणि तो उठून उभा राहिला. मी बाहेर टीपॉयवर उघडी पडले होते. जन्मात पहिल्यांदा पुढची गोष्ट मला नीट ऐकू येणार होती. त्याने खलनायकासारखा चेहऱ्यावरून हात फिरवला, मुखवटा काढला. आत कोण होता माहीत आहे? दूधवाला! मेला, इतकी वर्षं मी त्याला पोटात वागवला! सुजित एकटा सगळे आवाज काढत होता. पाठलाग झाला, बदक पुन्हा उडालं, दूधवाला सायीत पडला. जगातले सगळे मोठे लोक गडबडे आईला पदकं द्यायला रांगेत उभे राहिले. आईने घड्याळात पाहिलं. इथे सुजित थांबला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चला, कुकर लावायचाय."

तिघंही हसून लोळली. या वेळी मीसुद्धा हसले.

तेव्हा मला कळलं की दुसरी त्याच्या आत जशीच्या तशी होती, शाबूत कानांनी ऐकलेली. मी मात्र इराच्या तोंडून पोचले होते. हसू थांबल्यावर सुजित मला हातात घेऊन म्हणाला, "इरा, त्या कानाच्या डॉक्टरची वेळ घे गं. हिला माझ्या कानांनी ऐकायचंय." हिला म्हणजे मला! तुम्ही ऐकलंत ना? मला!

तर मित्रांनो, सीडी पुसायची असेल तर मधून कडेकडे पुसा, गोल गोल पुसू नका. कानात घालायला बोळे दिले असतील तर घाला. आणि आवडत्या माणसासाठी काही राखून ठेवायचं असेल तर नुसता शेवट राखू नका, सुरुवात करायलाच त्याची वाट बघा.

बाल्कनीत आता कबुतरं परत आली आहेत. दुसरी माझ्या शेजारी डबीत आहे. ती फिरत नाही, म्हणून तिला रोज संध्याकाळी मीच शेवट सांगते, सुजितने सांगितला तसाच. ऐकून ती म्हणते, "किती छान गं, ताई. आता सुरुवात सांग ना, ती मी कधीच ऐकली नाही." मग मी छत्रीपासून सुरू करते.