करंजाळे फाट्यावरचा टेम्पो

मी एक टेम्पो बोलतोय. धुळ्याला आग्रा रोडच्या कडेला एक गॅरेज आहे, त्याच्या मागच्या आवारात माझा सांगाडा उभा आहे. चाकं काढून नेलीत. पुढची काच नाही. ड्रायव्हरच्या सीटवर एक भुरी कुत्री पिल्लं घेऊन निजते. तिचा मला राग नाही. माणसाची ऊब गेल्यावर तेवढी तरी ऊब राहिली.

माझी बॉडी बांधली गेली ती शहाऐंशी साली, जळगावला. निळा रंग, आणि दोन्ही अंगांना पांढरी अक्षरं: ‘मोतीलाल वस्तू भांडार – कार्ड टाका, वस्तू घरपोच.’ पेंटरनं ‘घरपोच’ हा शब्द सगळ्यांत मोठा काढला होता. मोतीलालशेठनं तो तसा मुद्दाम काढून घेतला होता.

शेठचा धंदा मोठा होता. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, खेड्यापाड्यांतून पोस्टकार्डं यायची, आणि कुकर, कंदील, रेडिओ, शिलाई मशीन असा माल पार्सलनं रवाना व्हायचा. पण ट्रान्सपोर्टच्या गोदामात तो माल पंधरा-पंधरा दिवस पडून राही. गिऱ्हाइकाला गाठोडं मिळे तेव्हा कुकरचा दांडा मोडलेला असे आणि शिव्या शेठला बसत.

“आपला माल, आपली गाडी, आपली माणसं,” शेठ एक दिवस म्हणाले. “दुसऱ्याच्या पाया पडायलाच नको.”

सुकदेव नावाचे त्यांचे जुने मुनीम मान खाली घालून कार्डं लावत होते. ते हळूच म्हणाले, “शेठ, धुळ्यापर्यंत गाडी जाईल. रस्त्यावरच्या गावांतही जाईल. पण शेवटचा माणूस फाट्यापासून सहा किलोमीटर आत राहतो. त्याच्या दारात कोण जाणार?”

“त्या गावचाच माणूस ठेवू,” शेठ म्हणाले.

असं ते जाळं विणलं गेलं. जळगावहून एरंडोल, पारोळा आणि धुळ्याला देवपुरातली आमची शाखा, हा माझा रस्ता. माझा ड्रायव्हर रहीम. जळगावचाच, तिशीतला, बोलका माणूस. सकाळी निघताना माझ्या बॉनेटवर तळहाताची थाप मारायचा, “चल राजा.” आणि प्रत्येक फाट्यावर एकेक माणूस सायकल घेऊन आमची वाट बघत उभा असायचा. तो आपली पार्सलं घ्यायचा आणि आत निघून जायचा. शेठचा एक कडक नियम होता: दारात उभं राहून गिऱ्हाइकाचं पूर्ण नाव मोठ्यानं पुकारायचं आणि वस्तू हातात द्यायची. लोकांना ते फार आवडे. आपलं नाव असं आख्ख्या गल्लीला ऐकू जाणं खेड्यात रोज घडत नाही.

पारोळ्याच्या पुढं करंजाळे फाटा. तिथं लोटन असायचा. लोटन उखर्डू पाटील, वय बावीस, अंगानं काटकुळा. सायकलीच्या हँडलला त्यानं लाल गोंडा बांधला होता. आम्ही दिसलो की तो लांबूनच हात हलवायचा. माझ्या मागच्या फळीवर चढून पार्सलं उतरवताना तो त्यांच्याशीही बोलायचा, “चाल वं माय, तुनं घर उनं.” चल बाई, तुझं घर आलं.

मे महिन्यातला तो मंगळवार होता. दुपारचे बारा वाजून गेले होते. माझ्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. लोटन फाट्यावर सायकलीशिवाय उभा होता.

“रहीमभाऊ, सायकल पंक्चर शे,” तो म्हणाला. “आज मशीन शे ना? जड शे ते. गाडी आत घे ना, वीस मिनिट लागतीन.”

करंजाळ्याच्याही पलीकडच्या वस्तीवरच्या एका मुलीचं दुसऱ्या दिवशी लग्न होतं. तिच्या मामानं शिलाई मशीन मागवलं होतं.

रहीमनं घड्याळ बघितलं. “दोनच्या आत देवपूरला पोचायचंय रे. तिथं माणसं खोळंबलीत. थांब थोडा, एखादी बैलगाडी येईल.”

“या उनमा कोनी येत नही,” लोटन हसला. “आन लगीन सकाय शे. राहू दे, मीच लई जास.”

त्यानं डोक्यावर उपरण्याची चुंबळ ठेवली. रहीमनंच खोकं उचलून त्याच्या डोक्यावर दिलं. मग माझं इंजिन सुरू झालं. बाजूच्या आरशात तो थोडा वेळ दिसत होता: पांढऱ्या रस्त्यावर एक खोकं आणि त्याखाली दोन बारीक पाय.

माझ्या टाकीत डिझेल होतं. चाकांत हवा होती. मी जाऊ शकलो असतो.

संध्याकाळी त्याच वाटेनं जाणाऱ्या गुराख्याला लोटन नाल्याच्या काठी सापडला. तिथं एकच बाभूळ होती आणि तिची सावली जेमतेम खोक्याएवढी. त्या सावलीत त्यानं मशीन नीट ठेवलं होतं, वर उपरणं झाकलं होतं. तो स्वतः उन्हात पडला होता, जीव गेलेला. वस्तीवरच्या लोकांनी त्याला घरी नेलं आणि मशीन मामाकडे नेलं. वस्तू वेळेवर पोचली. सुकदेवांनी चिठ्ठीवर ‘पोच’ असं लिहिलं आणि कितीतरी वेळ टाक हातातच धरून बसले.

त्यानंतर करंजाळ्याच्या कामाला कोणी माणूस मिळेना. शेठ म्हणाले, आता गाडीच आत न्या. म्हणजे मी आता त्या वाटेनं जाऊ लागलो, जायला हवं होतं ती वेळ निघून गेल्यावर. फाट्याशी आलो की रहीम आपोआप ब्रेक दाबायचा. तिथं कोणी नसायचं. पण खरं सांगतो, माझी मागची कमान, चाकांवरची ती पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, थोडीशी दबायची, कोणी फळीवर चढल्यासारखी. रहीमलाही ते कळायचं. तो आरशात बघायचा, मग घाईनं नजर काढून घ्यायचा. तो बोलका माणूस आता माझ्याशीही बोलेना.

सप्टेंबरात एक कार्ड आलं. सुकदेवांनी ते दोनदा वाचलं आणि रहीमच्या हातात दिलं. मागवला होता एक टॉर्च. खाली नाव: लोटन उखर्डू पाटील, मुक्काम करंजाळे.

“नावासारखी नावं असतात,” सुकदेव म्हणाले.

करंजाळ्यात मारुतीच्या पाराशेजारच्या घरासमोर मी उभा राहिलो. रहीम खाली उतरला. नियमच होता, त्यानं हाक मारली, “लोटन उखर्डू पाटील! पार्सल आहे!” पारावरच्या माणसांनी माना खाली घातल्या. समोरच्या ओट्यावर धान्य पाखडणाऱ्या बाईचं सूप थांबलं.

दारातून एक म्हातारी आली. ती झुंबरबाई, लोटनची आई. तिनं पदर सावरला आणि दोन्ही हात पुढं केले. “तो वावरमा जायेल शे,” ती शांतपणे म्हणाली. “दे, मी लेस.”

रहीम परतताना सरळ गाडी चालवू शकत नव्हता.

पुढच्या महिन्यात चाळणी मागवली. त्याच्या पुढच्या महिन्यात आरसा. मग घोंगडी. दर वेळी तेच नाव, तीच हाक, तीच म्हातारी. “तो पारोयाले जायेल शे.” “तो आत्तेच भाईर गया.” आणि घराच्या आत, काळोख्या कोपऱ्यात, खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला तिचा नवरा उखर्डू. हाक ऐकली की त्याची पाठ ताठ व्हायची. रहीम मशिदीत जाऊन बसू लागला. घरी आबेदा, त्याची बायको, विचारायची की तुम्हाला कोण दिसतं. तो म्हणायचा, “दिसत कोणीच नाही, तेच तर.”

जानेवारीत शेठनं सगळ्यांना बोलावलं. त्यांचा चेहरा ओढलेला होता. “सुकदेवभाऊ, तुम्ही बरोबर होता,” ते म्हणाले. “गावापर्यंत मी पोचलो. दारापर्यंत पोचायला माणसं लागतात, आणि माणसांची काळजी घेणं मी जाळ्यात धरलंच नव्हतं. पुढच्या महिन्यापासून माल पुन्हा ट्रान्सपोर्टनं जाईल.”

शेवटच्या फेरीच्या गठ्ठ्यात करंजाळ्याचं पार्सल होतंच. चामड्याच्या चपला, पुरुषाच्या, आठ नंबर.

त्या दिवशी रहीमनं हाक मारली नाही. पार्सल छातीशी धरून तो सरळ दारात जाऊन उभा राहिला. झुंबरबाई बाहेर आली, त्याच्याकडे बघत राहिली. “हाक मार ना, भाऊ.”

“अक्का,” रहीम म्हणाला, आणि त्यानं गुडघे टेकले. “त्या दिवशी तो मला म्हणाला होता, गाडी आत घे. मी नाही घेतली. खोकं मीच त्याच्या डोक्यावर दिलं.”

मग तिनं माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही. माझ्याकडे.

“माले माहीत शे,” ती म्हणाली. “फाटावरला बठ्ठा लोके सांगत व्हतात. तुले सांगाले आठ महिना लागनात.” मग थांबून म्हणाली, “आज गाडी दारपावत उनी ना? त्या दिन बी उनी असती.”

त्या दिवशीही मी दारापर्यंत आलो असतो, हे रहीमला माझ्याइतकंच माहीत होतं.

“मंग कार्डं कसाले धाडस, अक्का? माले छळाले?” तोही तिच्याच बोलीत बोलला.

“नही रे. घरमा त्यानं नाव कोनी लेत नही. यासले,” तिनं आतल्या खाटेकडे मान केली, “सोसत नही. गावबी लेत नही. तू येस, दारमा उभा राहीसन हाक मारस, जसा तो जित्ता शे. म्हनीसन मास्तरकडथून कार्ड लिखाडस.”

तेवढ्यात आत खाट करकरली. उखर्डू भिंतीला धरत दारात आला. कितीतरी महिन्यांत त्यानं उंबरा ओलांडला नव्हता. ऊन डोळ्यांवर आलं तसा त्यानं हात आडवा धरला. रहीमला वाटलं, हा आता मारणार. मलाही तेच वाटलं.

“आखो एक डाव,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, “त्यानं नाव ले.”

आणखी एकदा. रहीम उठून उभा राहिला. तो असा ओरडला की पारावरची कबुतरं उडाली. झुंबरबाईनं डोळे मिटून घेतले. उखर्डू ओट्यावर बसला, त्यानं चपलांचं पार्सल मांडीवर घेतलं आणि हळूहळू सुतळीची गाठ सोडू लागला.

त्यांनी रहीमला माफ केलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी त्याला चहा दिला. तो त्यानं उभ्यानंच प्यायला.

पुढं शेठनं मला धुळ्याच्या एका भाजीवाल्याला विकलं. रहीमनं गाडी चालवणं सोडलं, तो आता जळगावला शिवणकाम करतो असं ऐकलं. माझ्या अंगावरचा निळा रंग उडाला, त्यावर हिरवा चढला, तोही उडाला. नवा मालक घाईचा माणूस होता. करंजाळे फाट्यावरून जाताना तो कधी थांबला नाही. पण माझी मागची कमान तिथं दबायचीच. मेकॅनिकनं ती तीनदा तपासली आणि म्हणाला, कमान ठणठणीत आहे.

आता गॅस कटरवाले येणार आहेत. आज नाही तर उद्या. कमानीचं लोखंड चांगलं आहे, म्हणे, त्याचे विळे होतील.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दारात कोणी सामान घेऊन आलं, तर दार लावून घेण्याआधी जरा रस्त्याकडे बघा. तो कुठून चालत आला ते विचारा. त्याचं उत्तर लांबलं तर लांबू द्या. तुमची वस्तू कुठं जात नाही.