चुकीच्या जागची वाळू

ट्रकवाल्याने आम्हाला लांबूनच पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला. माझा पाय प्लॅस्टरमध्ये, बगलेत कुबडी, सोबत चष्मेवाली बायको. असं जोडपं भांडायलाच येतं, असा त्याचा समज झाला असणार.

"वाळू चुकीच्या जागी टाकली, मान्य आहे मला," तो आधीच म्हणाला. "त्यापायी मुकादमानं कामावरून काढलं. आता आणखी काय राहिलं?"

त्या दिवशी त्याने वाळूचा ढीग भिंतीला लागून ओतला होता, बरोबर माझ्या परांचीखाली. मुकादमाने त्याला फैलावर घेतलं, वाळू संध्याकाळपर्यंत हलली पाहिजे आणि उद्यापासून येऊ नकोस, म्हणून बजावलं. मी वर भिंतीला रंग देत मजा बघत होतो. दुपारी परांचीची दोरी सुटली आणि मी तिसऱ्या मजल्यावरून थेट त्या ढिगात. पायावर निभावलं.

हेच त्याला सांगायला आलो होतो, पण माझ्या आधी बायकोच बोलली. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिला भरून आलं की ती शिकवायलाच लागते.

"दादा, उंचावरच्या माणसात उंचीची ऊर्जा असते. तो पडायला लागला की ती कमी होते, पण वाया जात नाही. जेवढी उंचीची जाते, तेवढीच वेगाची येते. जमिनीपर्यंत बेरीज तीच राहते." इथवर तिचा आवाज वर्गातला होता. "मग खाली ती कुणाला तरी घ्यावीच लागते. यांच्या हाडांनी घेतली असती. तुमच्या वाळूनं घेतली."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. डोळे तसेच राहिले.

"पण माझी तर चूक झाली होती, बाई."

"झाली म्हणून हे माझ्या शेजारी उभे आहेत. तुमचे उपकार कसे फेडू, मला कळत नाही."

सकाळीच तिने मुकादमाला गाठलं होतं. त्याला उद्यापासून कामावर बोलावलंय, हेही तिने सांगितलं. तो माझ्या पायाकडे बघत होता.

"घरी कसे जाणार?" त्याने विचारलं. रिक्षा बघू, म्हणालो. त्याने ऐकून घेतलं नाही. मला उचलून केबिनमध्ये बसवलं, पायाखाली स्वतःचं जाकीट घडी करून ठेवलं आणि ट्रक काढला. खड्डा दिसला की तो जवळजवळ थांबायचा. सायकलवाले आम्हाला मागे टाकून पुढे जात होते.