मागच्या सीटवरचे बाबा

गाडी लावायला देताना मिळालेला बिल्ला काळ्या प्लास्टिकचा, कडेला कुणीतरी दातांनी चावल्यासारखा, आणि त्यावरचा आकडा अर्धा पुसलेला... सुचित्रा तो उलटासुलटा करत हॉटेलच्या पोर्चमध्ये उभी होती आणि गाडी जागची हलत नव्हती, कारण मागच्या सीटवरून तिचे बाबा उतरायला तयार नव्हते.

"बाबा, उतरा ना. वरद आणि इरा आत वाट बघतायत." नवरा आणि मुलगी रेस्टॉरंटमध्ये टेबल धरून बसले होते.

"घर आलं की उतरेन." पद्मनाभरावांनी सीटबेल्ट दोन्ही हातांनी घट्ट धरला.

घर... उद्या सकाळचं विमान, आणि पुण्याला उतरल्यावर थेट वृद्धांची ती संस्था – स्वच्छ, हवेशीर, नर्स चोवीस तास. हे जेवण निरोपाचंच. ती त्यांना रोज सांगायची, ते रोज विसरायचे – की तसं दाखवायचे? – आणि मागच्या आठवड्यात तिची मीटिंग चालू असताना पोलिसांचा फोन, की तुमचे वडील जुरोंग ईस्टच्या एमआरटी, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, स्टेशनवर रडत बसलेत. तुमच्यासाठीच करतेय बाबा, असं ती म्हणत आलेली. वरदला, फोनवर भावाला, आरशातसुद्धा.

मागून हॉर्न वाजला. स्टिअरिंगवर बसलेला व्हॅले, हॉटेलात गाड्या लावून देणारा केस पिकलेला चिनी गृहस्थ, काच खाली करून म्हणाला, "नेव्हर माइंड, मॅडम. अंकल सिट इनसाइड. आय पार्क, देन ब्रिंग हिम अप. कॅन?"

नाही म्हणायला हवं होतं. आपणही आत बसायला हवं होतं.

"कॅन," ती म्हणाली.

गाडी उतारावरून तळघरात गेली. मागच्या काचेतून बाबांचं पांढरं डोकं दिसलं, ताठ, आणि मग तेही नाही. तिचे खांदे खाली आले. इतके दिवस ते वर ओढलेले होते हे तिला आत्ता कळत होतं. शेजारच्या थिएटरातून दुपारच्या खेळाची माणसं हसत बाहेर पडत होती, कुणाच्या तरी अंगाला मोगऱ्याच्या अत्तराचा वास होता, आणि तिला कुणी हाक मारत नव्हतं... अनोळखी माणसाबरोबर पाठवलं मी त्यांना. नावही विचारलं नाही. धावत जायला हवं, उतार तर समोरच आहे – पण ती बिल्ला मुठीत धरून तिथेच उभी राहिली. आणि मग अगदी स्पष्ट, तिच्याच आवाजात, मनात आलं : लगेच नाही आले तरी चालेल. आणखी थोडा वेळ. आलेच नाहीत तर...

लिफ्ट उघडली. व्हॅलेचा हात धरून बाबा बाहेर आले, खुशीत.

"सुचे, काय सुरेख गाडी लावली यांनी! मी म्हटलं त्यांना, लवकर चला, माझी मुलगी घाबरली असेल वर."

"हो," ती म्हणाली. "घाबरले होते."

"वेडी!" त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी ताप आल्यावर फिरवायचे तसा, आणि रेस्टॉरंटच्या दिशेने चालू लागले. व्हॅलेला थँक्यू म्हणायचं राहून गेलं. बाबा मध्येच थांबून मागे बघत होते, ती येतेय ना म्हणून. आणि ती येत होती, पण पुढे होऊन त्यांच्या बरोबरीने चालणं मात्र तिला काही केल्या जमेना.