पदराखालची पट्टी

त्या मंगळवारी दुपारी मी बंगळुरात बनशंकरीतल्या आईच्या घराची बेल वाजवली तेव्हा आत हसणं चाललं होतं. बेल ऐकताच ते थांबलं. आईनं दार किलकिलं करून पाहिलं आणि आत वळून म्हणाली, "राहू दे गं, राहू दे. संयोगिता आहे."

सबीहानं घाईघाईनं तोंडावर ओढलेला नकाब पुन्हा हनुवटीखाली घेतला. खिडकीच्या गजाला ताणून बांधलेल्या साडीच्या पदराला दोघी कुच्चू बांधत होत्या. हे रेशमी गोंडे बांधण्याचं काम आई वीस वर्षं साडीच्या दुकानांसाठी करायची. मागच्या गल्लीतली सबीहा वर्षभर तिच्याकडे शिकायला येत होती. फेब्रुवारीत तिच्या कॉलेजनं हिजाब फाटकाशी काढून आत यायला सांगितलं, तेव्हापासून तर ती दिवसभर इथंच असायची. मला आईनं हे काम कधी शिकवलं नाही. मी मागितलंही नव्हतं. तरी सबीहाच्या बोटांवर आईची बोटं पाहिली की मी दुसरीकडे बघायचे.

कॉलेजातल्या हिजाबबंदीवरचा हायकोर्टाचा निकाल सकाळीच लागला होता, बंदी कायम. टीव्हीवर आवाज बंद करून माणसं भांडत होती.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"परीक्षेला बसायचं की नाही, ते ठरवतेय, अक्का."

"घरचे नको म्हणतात?"

"अब्बा म्हणतात, काढ आणि जा. मीच तयार नाही."

पडदा आणि बाई यावर मी पुष्कळ वाचलं होतं. त्यातलं बरंच तिला ऐकवलं. लहानपणापासून झाकून घ्यायला शिकवलं की ती आपलीच इच्छा वाटू लागते, असं काहीतरी. सबीहानं गाठ पुरी केली.

"असेल, अक्का. मग तुमच्या अम्मांचा डोक्यावरचा पदर?"

"तो वेगळा."

"कसा?"

मी आईकडे पाहिलं. तिच्या डोक्यावर पदर नव्हता. घरात आम्ही तिघीच होतो.

"सरी, बरं, पुरे आता," आई नेहमीसारखं कानडी मिसळून म्हणाली. "सबीहा, धागा स्वल्प सैल धर. आणि तू गं, चहा घेणार की भाषणानंच पोट भरलंय?"

दोघी पुन्हा हसल्या. मी स्वयंपाकघरात जाऊन आधण ठेवलं.

संध्याकाळी त्या रेशीम आणायला निघाल्या. आईनं आरशापुढे डोक्यावरून पदर घेतला. "तू पण चल की," ती मला म्हणाली, आणि म्हणता म्हणता पदर खांद्यावर उतरवला. मी नको म्हटलं. गॅलरीतून पाहत राहिले. कोपऱ्यावर पोचेपर्यंत पदर पुन्हा तिच्या डोक्यावर होता.

मी सहावीत होते तेव्हाची गोष्ट. पालकसभेला आई आली. इतर मुलींच्या आया केस कापलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या. शाळेच्या फाटकाशी मी तिला अडवलं. "पदर काढ डोक्यावरचा. नाहीतर येऊ नकोस." ती तिथूनच परत गेली. नंतरच्या सगळ्या सभांना अप्पा आले. त्यानंतर माझ्याबरोबर बाहेर पडताना आईनं डोक्यावर पदर घेतला नाही.

मी त्या मंगळवारी रात्री व्हाइटफील्डला माझ्या घरी परतले. बुधवारी सकाळी अप्पांचा फोन आला. आई अंघोळीला उठली आणि खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

मी पोचले तेव्हा बायकांनी तिला न्हाऊ घालून हिरवी साडी नेसवली होती. अप्पा आहेत, म्हणजे ती सवाष्ण गेली. कुंकू, हिरवा चुडा आणि डोक्यावर पदर हवाच. पण पदर राहीना. गेल्या वर्षीच्या आजारपणात तिचे केस फार विरळ झाले होते. भागुबाई आत्यानं पिना लावल्या, तो घसरला. पुन्हा लावल्या, पुन्हा घसरला.

"हिचा पदर कधी ढळला नाही जन्मात," आत्या रडत म्हणाली. "संयोगिता, तू बघ. तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. मी काठ ओढून धरला, सोडला की तो घसरे.

दारातून आवाज आला. "अक्का, आधी पट्टी लागते." सबीहा उंबऱ्याबाहेर उभी होती. "मीच दिली होती त्यांना, हिजाबाखाली बांधतात तसली, सुती. ती बांधली की सरकत नाही. अम्मा रोज बांधायच्या. कपाटात आहे, रेशमाच्या डब्यात."

ती चुकावी, असं मला मनापासून वाटलं. मी डबा उघडला. काळी पट्टी होती, धुऊन घडी घातलेली.

"त्यांची पट्टी? आता, ह्या वेळी?" आत्या म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"आईचीच आहे ती, आत्या." मी सबीहाकडे वळले. "आत ये. दाखव मला."

तिनं हात लावला नाही. शेजारी बसून नुसतं सांगत गेली. कपाळाच्या जरा वर. कानांच्या मागून. आता पदर, आणि पिन पट्टीत. मी लावत गेले. पदर बसला.

"ही पट्टी मी कधीच पाहिली नाही," मी म्हणाले.

"तुम्ही येणार असलात की काढून ठेवायच्या." सबीहा खाली पाहत होती. "म्हणायच्या, माझ्या मुलीला आवडत नाही."

बाहेर अप्पा कुणाला तरी गाडी आली का विचारत होते. बायका उठू लागल्या. मी आईच्या कपाळावरचा काठ सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आई, मला तुझी लाज वाटली होती. फाटकातून तुला मीच परत पाठवलं. तुझा पदर छान दिसतो. असाच घेऊन आत यायचं होतंस, माझ्याबरोबर."