फेन्नाच्या लग्नातली बत्तिशी

मी फेन्नाची कवळी बोलतेय. बासष्ट वर्षांत ही बाई माझ्याशिवाय एकदाही हसलेली नाही. आहे कुणाची अशी बढाई मारायची छाती? आता ती हसली किती वेळा ते विचारू नका. आणि हसतानाही तोंडावर हात असायचा, त्यामुळे मला कुणी धड बघितलंच नाही, तेही सोडून द्या.

तशा आम्ही दोघी. वरची टाळूला चिकटून बसते आणि काही न करता मिरवते. मी खालची. जिभेचे धक्के खात, घसरत, नाचत दिवस काढणारी. शिक्षण यथातथा, पण घरातली खरी गोष्ट मलाच माहीत.

ग्रोनिंगन शहराच्या पूर्वेला, पुठ्ठ्याच्या कारखान्यांच्या एका गावात फेन्ना एकोणीस वर्षांची होती. लग्न ठरलेलं. होणारा नवरा बेरेंड सक्तीच्या लष्करी नोकरीवर दूर होता. फेन्नाचे दोन दात किडले, म्हणून बाप फ्रेर्क तिला दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

डॉक्टर म्हणाला, "दोन भरून टाकतो. पुढंमागं गेलेच, तर शेजारच्या दातांच्या आधारानं खोटे दात बसवता येतील. नाहीतर तारेची छोटी कवळी. बाकीचे दात दगडासारखे आहेत."

"अर्धंमुर्धं काम कशाला?" फ्रेर्क म्हणाला. "लग्न आहे पोरीचं. सगळी बत्तिशी काढा आणि नवी द्या. जावयाच्या मागं दातांच्या खर्चाचं लचांड नको."

"बाबा, पण दुखत नाहीये."

"म्हणूनच आत्ता काढायचे. दुखायला लागल्यावर कुणीही काढील."

हसू नका. त्या भागात पोरीला कपाट द्यायचे, पलंग द्यायचे, तशी बत्तिशीही द्यायचे. फेन्नाच्या आईची निघाली होती, मावशीची निघाली होती. मावशी तर केक घेऊनच आली. "सुटलीस बघ एकदाची!" म्हणाली. डॉक्टर गावच्या खानावळीच्या मागच्या खोलीत बसायचा; तिथं स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून दोन खेपांत सव्वीस चांगले दात निघाले आणि त्यांच्याबरोबर ते दोन किडकेही. केक मावशीनं आणि फ्रेर्कनंच संपवला.

मग हिरड्या भरेपर्यंत चार महिने फेन्ना तोंडाला रुमाल लावून हिंडली. बेरेंडला पत्रं जायची, त्यांत हवा असायची, कोंबड्या असायच्या, हे नसायचं. चार महिन्यांनी मी जन्मले. शहरातल्या एका कारागिरानं चिरूट चघळत आम्हाला आधी मेणात घडवलं, मग प्लॅस्टिकात ओतलं. दातांचे रंग दाखवले, तर फ्रेर्कनं सगळ्यांत पांढरा उचलला. एवढे पांढरे दात गावात फक्त जाहिरातीतल्या घोड्याला होते.

बेरेंड परत आला. बघतच राहिला. "अगं, तू तर शहरातली बाई दिसतेस!" म्हणाला. बास. त्या दिवशी फेन्नानं मनाशी ठरवलं, या माणसानं मला बिनदातांचं कधीही बघायचं नाही.

आणि तिनं ते पाळलं. रात्री आम्ही तोंडातच. सकाळी न्हाणीघराला कडी घालून धुणं, तेही नळ मोठा सोडून. बाळंतपणात सुईण ओरडली, "कवळी काढ, घशात जाईल!" हिनं ओठ असे मिटले की सुईणीनं हात टेकले. बेरेंड तेव्हा दाराबाहेर चकरा मारत होता. त्याचे स्वतःचे दात वाकडे, तंबाखूनं पिवळे, पण सगळे जागेवर. म्हातारपणीही अक्रोड फोडायचा त्यांनी. त्याचे उपटा असं कुणाच्या बापाला सुचलं नाही.

मी काही साधी नव्हते. चर्चमध्ये प्रार्थनेच्या ऐन शांततेत खट्ट करून वाजायचे, पाद्री डोळे उघडून बघायचा. रासबेरीच्या मुरंब्यातली एखादी बी खाली घेऊन बसायचे आणि फेन्ना डोळ्यांत पाणी आणून पाहुण्यांशी बोलत राहायची. मला मजा वाटायची. काय करणार, स्वभाव.

पण दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं. पार सुरीच्या धारेसारखं झालं. मला दोनदा आतून भर घालून घट्ट केलं, तरी मी नाचायचे. ऐंशी पार केल्यावर डाव्या कोपऱ्यात मी एक जखम केली. फेन्नानं लवंगेची पूड लावली, कापूस लावला. शेवटी गुपचूप बसनं दाताच्या डॉक्टरकडे गेली. इल्से नावाची तरुण मुलगी होती.

"आजी," इल्से म्हणाली, "नवी कवळी करता येईल, पण ती पण नाचेल. जबड्यात दोन खिळे बसवून त्यावर कवळी अडकवता येते. पण तुमचं हाड पातळ आहे, कमरेचं हाड घेऊन आधी भर घालावी लागेल. काय करायचं ते सावकाश ठरवा. आधी ही जखम. पंधरा दिवस कवळी तोंडात घालायची नाही. तरी भरली नाही, तर जखमेचा तुकडा काढून तपासू."

"दिवसा घातली तर?"

"नाही. दिवसा नाही, रात्री नाही."

"घरी नवरा असतो गं."

"मग बरंच की!" इल्से हसली. "आमच्या आजीची कवळी आजोबाच घासतात."

फेन्ना हसली नाही. घरी बेरेंडनं विचारलं, "काय म्हणाली ती पोरगी?"

"म्हणाली, वयाच्या मानानं ठणठणीत."

पुढची भेट तिनं फोन करून रद्द केली. मला तर वाटलं, मी जिंकले! खिळे हरले, नवी हरली, म्हातारी माझीच. मग कापूस लालच येऊ लागला आणि माझी मस्ती उतरली. तरी फेन्ना मला रोज त्याच जखमेवर चढवायची. मी दगड नाही, प्लॅस्टिक आहे. पण सांगायला तोंड लागतं, आणि मी तर तिच्याच तोंडात.

सहा महिन्यांनी कोटाचं वरचं बटण लावून देताना बेरेंडच्या बोटांना तिच्या गळ्यातली गाठ लागली.

आज आम्ही शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आहोत. कॅन्सर आहे. कवळीमुळेच झाला असं कुणी सांगू शकत नाही, असं सर्जन म्हणाले. तेवढं एक वाक्य मी धरून ठेवलंय. तुम्हीही धरा, माझी एवढीच विनवणी आहे. बाकी मला फेका, पुरा, काहीही करा.

सर्जननी कागदावर जबडा काढला. डावा भाग कापायचा. मग पायाचं हाड आणून तिथं बसवायचं, पुढं खिळे, वर दात. दिवसभराचं ऑपरेशन, आणि या वयात टेबलावरच काही होऊ शकतं. किंवा नुसतं कापून थांबायचं. चेहरा एका बाजूनं बसेल, दात कधीच नाहीत, जेवण मऊ. किंवा काहीच कापायचं नाही, दुखणं कमी ठेवायचं.

"सगळं करा डॉक्टर," बेरेंड घाईनं म्हणाला. "पाय, खिळे, दात, सगळं. ती होती तशी दिसली पाहिजे."

सर्जननी मान वळवली. "फेन्नाबाई, तुम्हाला काय हवंय?"

 मग तिचा अंगठा माझ्या कडेखाली आला. मला वाटलं, सारखी करतेय. तिनं मला बाहेर काढलं, वरचीला काढलं, आणि आम्हा दोघींना टेबलावर त्या कागदावर ठेवलं. दिवसाउजेडी, बेरेंडसमोर. मी पहिल्यांदाच तिला बाहेरून बघत होते. गाल आत गेले होते, ओठ दुमडले होते. चेहरा इतका लहान असेल असं मला वाटलं नव्हतं.

"नुछतं कापा," ती म्हणाली. "दात नको."

बेरेंड खिडकीकडे वळला होता. बाहेर सायकलींच्या रांगेशिवाय बघायला काही नव्हतं.

"आधी ते लाव फेन्ना," तो तिकडेच बघत म्हणाला. "मग बोल काय ते."

"बोलतेय ते कळतंय ना तुला?" ती म्हणाली. "मग इकडे बघ."