नमुन्यातली त्रेचाळीस माणसं

त्या परदेशी कार्यक्रमाच्या नावातच उन्हाळा होता. उत्तरेकडच्या लोकांनी आपल्या सुट्टीकडे बघून नाव ठेवले. मोंतेविदेओमध्ये तेव्हा ऐन थंडी असते आणि नेलिदा इरासाबाल पायांशी शेगडी घेऊन बसलेली असते, हे त्यांना कोण सांगणार? जगभरच्या कॉलेजांतली मुले तीन महिने कुठल्या तरी खुल्या, सगळ्यांना फुकट वापरता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करायची. एखादा जुना जाणता माणूस त्यांना शिकवायचा आणि शेवटी उत्तीर्ण की नापास एवढे कळवायचा. नेलिदा सात वर्षे शिकवत होती. मुले तिला बाई म्हणत.

तिच्या सॉफ्टवेअरचे नाव बेन्तेवेओ, अंगणात ओरडणाऱ्या पिवळ्या छातीच्या पक्ष्यावरून ठेवलेले. वेबसाइट बनवणाऱ्यांना माहिती पुरवणारा सर्व्हर कधीच वेळेवर तयार नसतो. तोवर त्याच्या जागी उभा राहून ठरवून दिलेली खोटी उत्तरे देणारा सोंगाड्या म्हणजे बेन्तेवेओ. अकरा वर्षांपूर्वी, नोकरीतून निवृत्त झाल्यावर, तिने तो एकटीने लिहिला. मग माणसे जमत गेली. कुठली कुठली माणसे, तोंडसुद्धा न पाहिलेली.

त्यांच्या मेलिंग लिस्टवर, म्हणजे एकाचे पत्र सगळ्यांना जाते त्या यादीवर, एक रीत होती. ज्याच्या हातून काही बिघडेल त्याने सगळ्यांना पत्र लिहायचे. पहिल्या ओळीत स्वतःचे नाव, मग काय बिघडले, मग त्याचा त्रास कोणाला होईल. पहिले पत्र नेलिदाचेच होते. एकोणीस वर्षांच्या गेर्वासिओ पिंतोसने पहिले पत्र लिहिले तेव्हा त्यात चार वेळा माफी मागितली होती. तिने तीन खोडायला लावल्या. आता गेर्वासिओ स्पेनमधल्या एका कंपनीत मोठ्या जागेवर होता आणि बेन्तेवेओचा सहशिक्षकही. डोळ्यांचे ऑपरेशन झाले त्या वर्षी तिने सगळे अधिकार त्याच्याही हाती दिले होते.

यंदाची विद्यार्थिनी यानिना दुत्रा, आर्तिगासची, ब्राझीलच्या सरहद्दीवरची पोर. हुशार आणि घाईची. तिने बेन्तेवेओला नवी विद्या शिकवली होती: खऱ्या सर्व्हरची उत्तरे ऐकून ठेवायची, त्यातली नावे झाकायची आणि मागाहून तीच उत्तरे द्यायची. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत तिचा निकाल कळवायचा होता.

साडेबारा वाजता नेलिदाने यानिनाची नमुन्याची फाइल उघडली. वापरणाऱ्यांसाठी एक उदाहरण हवे होते, एवढेच कारण. त्रेचाळीस नोंदी, नाव, फोन, ओळखपत्राचा क्रमांक. तिची नजर क्रमांकावर अडली.

चौऱ्याहत्तर साली एका कचेरीच्या तळघरात नेलिदा धरून आठ जणी पंचकार्डे, भोके पाडून माहिती नोंदवलेली कार्डे, तपासायच्या. ओळखपत्राचा शेवटचा आकडा आधीच्या सात आकड्यांच्या गुणाकारातून निघतो. त्यांतली ओफेलिया तो गुणाकार गुणगुणत करायची, चुकले की सूर बदलायचा आणि सगळ्या हसायच्या. त्या आठांतल्या आता दोघीच उरल्या होत्या. पण गुणाकार उरला होता. नेलिदाने पहिला क्रमांक मनातच केला. जुळला. दुसराही जुळला. मनाने लिहिलेला खोटा क्रमांक दहांत एखादा जुळतो. इथे त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जुळले.

मग तिने पुढचा रकाना वाचला. आजार. त्याच्या पुढचा, डॉक्टरांचा शेरा.

तिने पाने छापून घेतली आणि आर्तिगासला फोन लावला.

“यानिना, त्या नमुन्यातली नावं कुठून आणलीस?”

“रेकॉर्ड केलेली ना, बाई? मावशी ज्या दवाखान्यात नोकरीला आहे तिथली. मी त्यांची वेबसाइट करतेय. पण झाकायचा भाग लिहिलाय की मी! सगळ्या चाचण्या हिरव्या आहेत.”

“झाकायचा भाग कधी लिहिलास?”

“जुलैत.”

“आणि रेकॉर्ड कधी केलंस?”

पलीकडे कोणी तरी भांडी घासत होते.

“जूनमध्ये,” यानिना म्हणाली. “अगं आई गं.” आणि मग हळूच, “पण बाई, तुम्ही मंजूर केलं होतंत.”

ते खरे होते. महिन्यापूर्वी चाचण्यांपुढच्या हिरव्या खुणा बघून नेलिदानेच बटण दाबले होते आणि ते सगळे जगासाठी खुले झाले होते. नमुन्याची फाइल तिने उघडलीच नव्हती. या धंद्यात नमुन्याची फाइल कोणी उघडत नाही. खोटीच माहिती, ती काय वाचायची?

गेर्वासिओ पडद्यावर आला तेव्हा त्याच्या मागे कोणी तरी केक कापत होते.

“बाई! आज पास करताय ना पोरीला?”

तिने सांगितले. त्याने मागचे दार लावून घेतले.

“बरं. फाइल काढतो, मागचा सगळा इतिहासही पुसतो. वीस मिनिटांत नामोनिशाण राहणार नाही.”

“तेच आधी कर. तोवर मी पत्र लिहिते.”

“पत्र कसलं?”

“कसलं म्हणजे? लिस्टला. आणि त्या माणसांना.”

“बाई, वेड लागलंय का तुम्हाला? पुढच्या महिन्यात आमची कंपनी बेन्तेवेओ हाती घेतेय. चार जण पूर्ण वेळ त्यावर बसतील. किती वर्षं म्हणत होतात, माझ्यामागं याचं कोण बघणार!”

“किती जणांनी उतरवून घेतलीय ती फाइल?”

“तीनशेच्या आसपास.”

“त्या तीनशे तू कशा पुसणार, राजा?”

“पण ती उघडतंय कोण? तुम्ही तरी उघडली होतीत का?”

त्याने बरोबर वर्मावर बोट ठेवले होते, आणि ते कुठे आहे हे तिनेच त्याला कधी काळी दाखवले होते.

“त्या पोरीचं आयुष्य सुरू व्हायच्या आत संपवाल तुम्ही,” तो म्हणाला.

“पोरीला मी आत्ताच उत्तीर्ण करून टाकलं. काम चांगलं आहे तिचं. पत्रात नाव माझं जाईल. बटण मी दाबलं.”

“आणि मग कंपनी हात लावेल का याला? मी काय सांगू त्यांना?”

“पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत काय बिघडलं. तुला येतं लिहिता.”

त्याने पडदा बंद केला.

दोन वाजेपर्यंत त्याने फाइल पुसलेली दिसली. दोन वाजून दहा मिनिटांनी तिने पत्र पाठवले. सात ओळी, माफी एकदाच. दोन वाजून वीस मिनिटांनी पत्र लिस्टवर नव्हते. तिने पुन्हा पाठवले तर उत्तर आले, या यादीवर लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिने बेन्तेवेओचे पान उघडले. चालवणाऱ्यांच्या यादीत आता गेर्वासिओ एकटा होता. खाली वेगळ्या रकान्यात तिचे नाव, पुढे शब्द: संस्थापिका, निवृत्त. शेजारी त्याने एक फूलही काढले होते.

तिने दवाखान्यात फोन केला.

“आमच्याकडून काहीच गेलेलं नाही, सेन्योरा,” फोनवरची बाई म्हणाली. “तक्रार लेखी द्या. साहेब सोमवारनंतर भेटतील.”

“तुमच्या पेशंटांना तुम्ही कळवाल का?”

“काय कळवायचं? सांगितलं ना, काही गेलेलं नाही.”

तेवढ्यात यानिनाचा निरोप आला. “बाई, पास केल्याबद्दल आभार. पण आता कृपा करून कोणाला काही बोलू नका. मावशीची नोकरी जाईल. गेर्वासिओ म्हणतो ते बरोबर आहे.” नेलिदाने तो दोनदा वाचला. उत्तर दिले नाही. कोणाचे नाव घ्यायचे नाही, एवढे तिने ठरवले. मग छापलेली पाने पुढ्यात ओढली, चष्मा पुसला आणि पहिल्या नावाचा फोन लावला.

“तुमची माहिती चुकून बाहेर गेलीय, त्यासाठी...”

“आता पिन विचारणार ना?” एक पुरुष म्हणाला. “जा, दुसरं गिऱ्हाईक शोध.”

दुसरीने ऐकलेच नाही. तिसरीने सगळे ऐकले, रडायला लागली आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याला कळलं तर? चौथा नंबर लागला नाही. पाचवे नाव सेफेरिनो बेराल्दी. त्याच्यापुढचा शेरा तिने दुपारीच वाचला होता: मुलीला सांगितले आहे. रुग्णास सांगू नये.

म्हाताऱ्याने फोन उचलला तेव्हा मागे फुटबॉलची कॉमेंट्री चालू होती. तिने आपले नाव सांगितले, काय बिघडले ते सांगितले. त्याने मध्ये एकदाही तोडले नाही.

“म्हणजे माझा आजार कुठं तरी उघड्यावर पडला होता,” तो म्हणाला.

“हो. महिनाभर. माझ्यामुळं.”

“कोणालाही वाचता आला असता?”

“हो.”

“मग वाचा की. मुलगी म्हणते, पोटात साधा अल्सर आहे. मी म्हणतो, साध्या अल्सरला पोरगी स्वयंपाकघरात जाऊन का रडते?”

“सेन्योर बेराल्दी, मला तो वाचायचा अधिकार नव्हता. तुम्ही डॉक्टरांना विचारा.”

“विचारलं. तेही अल्सरच म्हणतात. पण तुम्ही वाचलाय ना?”

नेलिदाने पानावर हात ठेवला.

“वाचलाय.”

“थांबा जरा. रेडिओ बंद करतो.”

त्याच्या चपला घासत गेल्या. खेळाचा आवाज तुटला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि एक दमलेला श्वास.

“हं,” तो म्हणाला. “सावकाश वाचा. मला ऐकू कमी येतं.”

तिने तारखेपासून सुरुवात केली.